वसंतारंभींची नदी आणि माशीचा गळ

ज्या घरांत मासा ताटांत येत नाहीं त्या घरांत मासे धरण्याच्या छंदावरील लेख पाठविणें हें थोडें धाडसाचें काम आहे, हें आम्ही जाणून आहों. आमच्या सारस्वत वाचकांची गोष्ट निराळी. त्यांची तक्रार उलट अशी असेल कीं, एवढ्या खटाटोपानें धरलेला मासा हीं माणसें पुन्हां पाण्यांत सोडून कां देतात! परंतु हा विषय आतां आपल्यापासून वाटतो तितका दूर राहिलेला नाहीं. अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यांत बेंटनव्हिल म्हणून गांव आहे. एका प्रचंड व्यापारी कंपनीचें मुख्य ठाणें तेथें असल्यामुळें नोकरीनिमित्त पुष्कळ भारतीय कुटुंबें तिकडे जाऊन राहिलीं आहेत, आणि त्यांत मराठी मंडळीही आहेत. तेथून मोटारीनें सुमारें दोन तासांच्या अंतरावर ओझार्कचा डोंगराळ मुलूख व त्यांतून वाहणारी बफेलो नदी लागते. अशा एखाद्या घरचा नातू मार्च महिन्यांत आजीला दूरध्वनीवरून सांगतो, "आजी, रविवारीं नदीवर गेलों होतों. दोन मासे धरले आणि सोडून दिले." आजी विचारते, "अरे, सोडायचेच होते तर धरलेस कशाला?" या प्रश्नाला झटपट उत्तर नाहीं. तो नीट समजून घ्यावयाचा तर मासा, ऋतु आणि नदी या तिघांचीही ओळख करून घ्यावी लागते, आणि तीच येथें करून देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मासा. इंग्रजींत त्याला स्मॉलमाउथ बास म्हणतात. मराठींत लहानतोंड्या म्हटलें तरी चालेल. त्याच्या मोठतोंड्या चुलतभावाचा जबडा डोळ्याच्याही मागें जातो, याचा तेवढा जात नाहीं, एवढ्यावरून हें नांव पडलें. अंग जुन्या कांशाच्या भांड्यासारखें, त्यावर काळपट उभे पट्टे, आणि डोळा बहुधा तांबडा. मोठतोंड्याला संथ, कोमट, पाणवनस्पतींनीं भरलेलें तळें मानवतें. याला हवी वाहती, स्वच्छ, गोट्याखडकांची नदी. फ्रेंच पंडित लासेपेद यानें १८०२ मध्यें याचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां त्याच्यापुढें आलेल्या नमुन्याच्या पाठीवरील पर मोडलेला होता. त्या मोडक्या तुकड्याला लासेपेद निराळा लहानसा पर समजला, आणि त्यानें नांव ठेवलें मायक्रॉप्टेरस, म्हणजे लघुपर! त्याला डोलोम्यू या भूगर्भशास्त्रज्ञाच्या नांवाची जोड दिली. तें चुकीचें नांव दोनशें वर्षें शास्त्रांत मानानें नांदत आहे.

हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांचा, ओहायो-टेनेसीच्या खोऱ्यांचा आणि ओझार्कचा. अॅपलाचियन पर्वताच्या पूर्वेकडील नद्यांत तो नव्हता. १८५४ सालीं श्रायव्हर नांवाच्या गृहस्थानें सुमारें तीस मासे आगगाडीच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकींत घालून पर्वतापलीकडे नेले आणि कंबरलंड येथें कालव्यांत सोडले. तेथून ते पोटोमॅक नदींत पसरले. पुढें १८८१ मध्यें जेम्स हेनशॉल या डॉक्टरानें केवळ बास माशांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हांपासून ट्राउट माशाच्या मानाचें पान यालाही मिळूं लागलें. आकारानें मात्र हा फार मोठा नव्हे. १९५५ सालीं डेल हॉलो या जलाशयांत सांपडलेला ११ पौंड १५ औंसांचा मासा आजवरचा विक्रम मानला जातो. नदींतील मासा दोन-तीन पौंडांचा झाला म्हणजे पुष्कळ झालें. वाढतोही अगदीं सावकाश. ओझार्कच्या नदींत एक फूट लांबी गांठावयास त्याला चार-पांच वर्षें लागतात. म्हणजे मोठा मासा हा वयानेंही वडील असतो, आणि एकदां गेला म्हणजे त्याची जागा भरून येण्यास वर्षें जावीं लागतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां माशीचा गळ. साध्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनानें दोरा फेकतात. माशीच्या गळांत खाण्याजोगें आमिष मुळीं नसतेंच. हरणाच्या शेपटीचे केस, कोंबड्याच्या मानेचीं पिसें, थोडी चकचकीत जर, हीं बारीक धाग्यानें आंकड्यावर गुंडाळून किड्याची, मासोळीची किंवा नांगीवाल्या जलचराची नक्कल करतात, आणि त्या नकलेला 'माशी' म्हणतात. मराठींत मासा आणि माशी हीं नांवें इतकीं जवळचीं आहेत कीं, हा खेळ आपल्याच भाषेंत जन्मला असावा असें वाटावें! ही माशी पिसासारखी हलकी, तिला फेकणार कशी? म्हणून दोराच जाड व वजनदार करतात. नऊ फुटी लवचिक काठी मागें-पुढें झुलवून तो दोरा हवेंत उलगडावयाचा आणि त्याच्या टोंकाची माशी चाळीस फुटांवर, ताटाएवढ्या जागेंत, अलगद ठेवावयाची. ज्यानें संक्रांतीला पतंगाचा मांजा हातांत धरला आहे, त्याला दोऱ्याच्या ताणाची ही भाषा लौकर समजेल.

थंड पाण्यांत उपयोगी पडणाऱ्या माश्यांपैकीं एकीची हकीकत सांगण्याजोगी आहे. पेन्सिल्व्हेनियांतील सस्क्वेहाना नदीवर, मिडलटाउन गांवीं, बॉब क्लाउझर नांवाचे वाटाडे होते. लोकांना होडींतून नेऊन बास दाखविणें हाच त्यांचा व्यवसाय. १९८७ च्या सुमारास त्यांनीं आंकड्याच्या दांडीवर शिशाचे, डंबेलसारख्या आकाराचे दोन डोळे बांधले आणि त्याभोंवतीं हरणाच्या शेपटीचे विरळ केस गुंडाळले. डोळ्यांच्या भारानें माशी डोक्यावर तळाशीं जाते, ओढली कीं वर उसळते, आणि आंकड्याचें टोंक वर राहिल्यामुळें दगडांत सहसा अडकत नाहीं. या कलेचे नामांकित शिक्षक लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) यांनीं तिला क्लाउझरांचें नांव दिलें, आणि त्याच नांवानें ती पुढें सर्व जगांत गेली. एका गांवच्या वाटाड्यानें आपल्या नदीकडे पाहून केलेली ही वस्तु आहे. कारखान्यांतून ती आली नाहीं, म्हणून आम्हांस तिचें कौतुक अधिक.

ऋतूचा विचार आतां केला पाहिजे, कारण सारी मेख तेथेंच आहे. माशाच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. पाणी जितकें उबदार तितकाच तो उबदार. हिवाळ्यांत पाणी गोठणबिंदूच्या जवळ गेलें म्हणजे हे मासे नदीभर विखुरलेले न राहतां खोल, संथ डोहांत, मोठ्या दगडांच्या आडोशाला एकत्र जमतात. कित्येक तर त्यासाठीं मैलच्या मैल प्रवास करतात. तेथें ते फारसें खात नाहींत, हलत नाहींत. फेब्रुवारी-मार्चच्या संधींत ऊन चढूं लागतें, पाणी ४५ ते ५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सात ते दहा सेल्सिअसवर येतें, आणि त्यांना जाग येते. पाणी ६० अंशांच्या आसपास पोंचलें कीं त्यांची वीण सुरू व्हावयाची. या दोन आंकड्यांमधला जो एक-दीड महिना, तोच 'वसंतारंभ'. या दिवसांत मादी गाभोळीनें भरलेली असते, हिवाळ्याची उपासमार भरून काढावयाची असते, आणि मासे अजून हिवाळी डोहांच्या आसपासच असतात. वर्षांतील सर्वांत वजनदार मासा याच महिन्यांत गळाला लागतो. आणि पुढच्या सगळ्या पिढीचा भारही याच महिन्यांत त्याच्या पोटांत असतो.

हा दिवस कसा जातो तें पाहूं. समजा, मार्चचा शेवटचा आठवडा आहे आणि दोन-तीन दिवसांपूर्वीं पाऊस पडून गेला आहे. बफेलो नदी सुमारें दीडशें मैल लांब. पैकीं वरच्या भागांत होडी चालते ती बहुधा वसंतांतच, कारण उन्हाळ्यांत तेथें गोटे उघडे पडतात. म्हणून निघण्यापूर्वीं नदी किती चढली आहे हें पाहणें आलें. सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची पाणी मोजण्याची यंत्रें नदीवर बसविलेलीं आहेत आणि त्यांचे आंकडे घरबसल्या पाहतां येतात. पाणी कमी असेल तर होडी खांद्यावर घ्यावी लागेल. फार असेल तर जाऊंच नये. डोंगरी नदी एका रात्रींत किती चढते, हें सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

पाँका या खेड्याशीं होडी पाण्यांत सोडतात आणि दहा-अकरा मैल खालीं काइल्स लँडिंग येथें बाहेर काढतात. मोटार आधींच तेथें नेऊन ठेवलेली असते. लांकडी नांवेच्या जागीं हल्लीं हवा भरलेला रबरी तराफा वापरतात. पुढें एक गळ टाकणारा, मागें एक, आणि मध्यें वल्हीं घेऊन बसलेला नावाडी. होडी पुढें न्यावयास वल्हीं मारावीं लागत नाहींत, तें काम नदीच करते. नावाडी प्रवाहाकडे तोंड करून बसतो आणि उलटीं वल्हीं मारून होडीला मागें धरून ठेवतो, जेणेंकरून ती पाण्यापेक्षां सावकाश उतरावी व गळ टाकणाऱ्यास प्रत्येक दगडापाशीं थांबतां यावें. आमच्या मतें या सहलींतला खरा कलावंत तोच. मासा मात्र दुसऱ्याच्या नांवावर जमा होतो.

पहांटे उठून धांवत सुटण्याची येथें गरज नसते. पहांटेचें पाणी सर्वांत थंड, आणि मासा अर्धवट झोपेंत. दहा वाजतां निघालें तरी चालतें. खरा वेळ दुपारीं दोनपासून चारपर्यंतचा. सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून उत्तरेकडील कांठाला ऊन अधिक मिळतें, तिथले काळे खडक तापतात, आणि त्यांच्या पायथ्याचें पाणी एक-दोन अंशांनीं वर चढतें. माणसाला हा फरक कळणारही नाहीं, पण माशाला तो दिवाळीच्या अभ्यंगासारखा सुखाचा होतो. जाणता माणूस खिशांत तापमापक बाळगतो आणि गळ टाकण्यापूर्वीं तो पाण्यांत बुडवून पाहतो. उलट, रात्रीं थंड वारा सुटून पाणी तीन-चार अंशांनीं उतरलें असेल, तर काल धांवून येणारा मासा आज नाकापुढील माशीकडेही पाहत नाहीं.

खळाळाच्या खालीं, जेथें पाणी पांढरें होऊन डोहांत शिरतें आणि मग मंदावतें, तेथें वेगवान धारेच्या कडेला एक सीमारेषा दिसते. उन्हाळ्यांत मासा वेगांत उभा असतो, आतां तो मंद बाजूला असतो. माशी त्या रेषेच्या वर टाकावयाची, तळाला टेकूं द्यावयाची, आणि मग... कांहीं करावयाचें नाहीं. नवशिक्याला हेंच सर्वांत अवघड जातें. दहा अंक मोजावे, दोरा वीतभर ओढावा, पुन्हां थांबावें. थंड पाण्यांतील नांगीवाला जलचर (क्रेफिश त्याचें नांव, आपल्या झिंग्याचा गोड्या पाण्यांतला भाईबंद) असाच रांगत असतो, आणि मासा त्यासाठीं दोन हातांपलीकडे जावयास तयार नसतो. उन्हाळ्यांतला तडाखा आतां नाहीं. दोऱ्याला ओली चिंधी अडकल्यासारखें जड लागतें, इतकेंच. दगड समजून पुष्कळ जण तेवढ्यांत सोडून देतात. दोरा ताणला आणि तो दगड हलूं लागला, म्हणजे मग काठी मुठीपर्यंत वांकते. अशा पाण्यांत मासा हवेंत फारशा उड्या मारीत नाहीं. खालीं बसून, डोकें हलवीत, तो खोल पाण्याकडे खेचीत राहतो. सबंध दिवसांत असे दोन-चार प्रसंग आले तर दिवस उत्तम गेला म्हणावयाचें.

मधल्या वेळांत पाहावयास पुष्कळ आहे. पाँकाच्या वरच्या बॉक्स्ली खोऱ्यांत एल्क नांवाचीं सांबरासारखीं मोठीं हरणें चरतांना दिसतात. तेथून नाहींसा झालेला हा प्राणी १९८१ ते १९८५ या वर्षांत बाहेरून ११२ जनावरें आणून पुन्हां वसविला आहे. पुढें नदीवर पांचशें फुटांहून उंच चुनखडीचा कडा उभा आहे, त्याचें नांवच 'बिग ब्लफ'. त्याच्या पुढें एका घळींत पायीं शिरलें म्हणजे २०९ फुटांचा धबधबा लागतो. सिकामोर वृक्षांचे पांढरे बुंधे अजून निष्पर्ण असतात, पण त्यांच्यामागें रेडबडचीं लहान झाडें पानें येण्यापूर्वींच जांभळट गुलाबी फुलांनीं लगडतात. हें झाड आपल्या कांचनाच्याच उपकुळांतलें. परदेशीं गेलेल्या आपल्या मंडळींस त्या फुलांकडे पाहून घरचें अंगण आठवत असल्यास नवल नाहीं.

एक गोष्ट मात्र घरच्या वडील मंडळींनीं मुलांना बजावून सांगावी. वर ऊन असलें तरी पाणी दहा अंश सेल्सिअसचें असतें. तशा पाण्यांत होडी उलटली तर पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्याच मिनिटांत लुळे पडतात. तरंगतें जाकीट अंगांतून क्षणभरही काढूं नये, कोरड्या कपड्यांची पिशवी बरोबर असावी, आणि एकट्यानें जाऊंच नये.

होडींतून वाहत जात मासे धरण्याची ही रीत ओझार्कांत जुनी आहे. मिझूरी राज्यांतील गलीना गांवाहून जेम्स नदींतून व पुढें व्हाइट नदींतून ब्रॅन्सनपर्यंत सुमारें सव्वाशें मैलांचा प्रवास लोक पांच-सहा दिवस करीत. सपाट तळाच्या, पाइन लांकडाच्या लांबोड्या होड्या. प्रत्येकीवर एक स्थानिक नावाडी. रात्रीं वाळूवर मुक्काम. नदी इतकी वळणांची कीं, पाण्यानें आठवडाभर लागलेली वाट रेल्वेनें थोडक्या वेळांत उलट कापतां येई, आणि होड्याही गाडींतूनच परत येत. १९३० नंतर जिम ओवेन नांवाच्या ब्रॅन्सनच्या गृहस्थानें या सहलींचा मोठा व्यवसाय उभारला. तो सबंध जमाना धरणांनीं बुडविला. १९५१ मध्यें बुल शोल्स, १९५८ मध्यें टेबल रॉक, अशीं एकामागून एक धरणें व्हाइट नदीवर झालीं. पूर आवरले, वीज मिळाली, हें खोटें नाहीं. पण धरणाच्या तळांतून सुटणारें पाणी बारा महिने थंडगार; त्यांत बासाची वीण होईना. खालच्या पात्रांत ट्राउट आणून सोडले, आणि आतां लोक देशोदेशींहून त्या ट्राउटांसाठीं येतात. नदी तीच, नांव तेंच, पण वसंतांत हळूहळू तापणारें तिचें पाणी गेलें.

बफेलो ही त्याच व्हाइट नदीची उपनदी, आणि तिच्यावरही दोन धरणें योजलीं होतीं. बेंटनव्हिलचे डॉक्टर नील कॉम्प्टन यांनीं १९६२ मध्यें ओझार्क सोसायटी स्थापून त्यास विरोध केला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस होडींतून ही नदी उतरून गेले. चित्रकार टॉमस हार्ट बेंटन हाही तिचा जुना यात्रिक. १९६५ च्या अखेरीस राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनींही धरणाला असलेला आपला विरोध लष्करी इंजिनियरांना कळविला, आणि १ मार्च १९७२ रोजीं बफेलो ही अमेरिकेची पहिली 'राष्ट्रीय नदी' ठरली. येथवर कथा गोड आहे. पण नदी राष्ट्राची झाली तेव्हां तिच्या कांठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारनें घेतल्या; कित्येकांच्या पिढीजात घरांवर पाणी न येतांच पाणी पडलें. त्यांच्या वंशजांचा कडवटपणा अजून गेलेला नाहीं, आणि तो समजण्याजोगा आहे. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाच्या गोष्टी ज्यांनीं घरांत ऐकल्या आहेत त्यांस धरणानें गेलेली जमीन ठाऊक आहे. धरण टाळण्यासाठींही जमीन जाते, हा अनुभव निराळा. मुळशीचें धरण ज्या टाटांच्या वीज-योजनेंतलें, त्याच समूहाच्या कंपनीनें पुढें १९७० च्या सुमारास लोणावळ्यास वळवण तलावाकांठीं महाशीर माशाची पैदास सुरू केली. कर्नल साइक्स यानें १८३९ मध्यें पुण्याच्या मुळामुठेंतून ज्या महाशीर जातीचें वर्णन केलें तीच ही जात. वाहतें पाणी अडवावयाचें आणि वाहत्या पाण्याचा मासा हौदांत वाढवावयाचा, असा हा दुहेरी व्यवहार जगांत सर्वत्र चाललेला दिसतो.

राष्ट्रीय नदी झाल्यानेंही सारें निभावत नाहीं. २०१२ मध्यें बफेलोच्या एका ओढ्याच्या खोऱ्यांत हजारों डुकरांच्या पैदासकेंद्राला परवानगी मिळाली. मलमूत्र चुनखडीच्या भेगांतून नदींत उतरेल म्हणून सात वर्षें वाद चालला आणि अखेर २०१९ मध्यें राज्यानें पैसे देऊन तें बंद करविण्याचा करार केला. पूर्वेकडे तर याहून वाईट घडलें आहे. पोटोमॅकच्या एका शाखेंत २००३ मध्यें नर बासांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी आढळल्या. क्लाउझरांच्या सस्क्वेहानांत २००५ पासून त्या वर्षीं जन्मलेलीं पिलें रोगानें मोठ्या संख्येनें मेलीं, आणि २०११ मध्यें त्या नदीच्या मधल्या भागांत बास घरीं नेण्यास बंदी करावी लागली. अशा बातम्या प्रथम कळतात त्या बहुधा गळ टाकणाऱ्यांस. कारण माशाला हातांत घेऊन, उलटसुलट पाहून, पुन्हां सोडणारे तेच.

आतां आजीच्या प्रश्नाकडे वळूं. सोडावयाचा तर धरावयाचा कशाला? कोणी म्हणतील, ही अहिंसा आहे. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. आंकडा तोंडांत रुततो, मासा जिवाच्या आकांतानें ओढतो. त्याला खेळ म्हणणारा माणूस असतो, मासा नव्हे. पण उलट बाजूही मांडली पाहिजे. ज्या नदीवर कोणाचें मन बसलेलें नाहीं, तिच्यासाठीं भांडावयास कोणी उभें राहत नाहीं. बफेलोसाठीं जे उभे राहिले त्यांत होडी आणि गळ घेऊन तिच्यावर दिवस घालविलेली मंडळी पुष्कळ होती. म्हणून आमचा निवाडा असा कीं, हा छंद पूर्ण निर्दोष नाहीं, पण त्याचें ऋण फेडण्याची वाट त्याच्याच आंत आहे. जो ती वाट चालत नाहीं त्याला आजीपुढें उत्तर नाहीं. ही वाट अगदीं व्यवहारी आहे. आंकड्याचा उलटा काटा चिमट्यानें आधींच दाबून टाकावा, म्हणजे तो सहज निघतो. हात ओले करून मगच मासा धरावा, नाहींतर अंगावरचा बुळबुळीत थर पुसून जातो आणि त्याला रोग जडतो. छायाचित्रासाठीं गाभोळीनें जड झालेली मादी एका जबड्यानें लोंबकळत धरूं नये. पोटाखालीं हात द्यावा आणि आपण स्वतः श्वास रोखून धरतां येईल त्यापेक्षां अधिक वेळ तिला पाण्याबाहेर ठेवूं नये. मिझूरीच्या दक्षिण भागांतील बहुतेक नद्यांवर १ मार्चपासून मेच्या चवथ्या शनिवारापर्यंत बास घरीं न नेण्याचा नियम फार दिवस होता, तो याच कारणासाठीं.

पण नियमापेक्षांही अवघड प्रसंग पुढें येतो. एप्रिलच्या मध्यास डॉगवुडचीं पांढरीं फुलें उमलतात आणि पाणी ६० अंशांला टेकतें. मग नर उथळ कांठाशीं, दगडाच्या आडोशाला, शेपटीनें गाळ झाडून हात-दीड हात रुंदीचें गोल घरटें करतो. मादी तेथें कांहीं हजार अंडीं घालून निघून जाते. पुढचें सारें बापाकडे. आठवडाभरांत अंडीं फुटतात, काळीं पिलें ढगासारखीं घरट्यावर तरंगतात, आणि तीन-चार आठवडे तो जवळजवळ उपाशी राहून त्यांच्याभोंवतीं फिरत असतो. या दिवसांत त्याला धरणें अगदीं सोपें आहे, कारण घरट्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तो तुटून पडतो. त्याला खेळवून सोडीपर्यंत कांहीं मिनिटें जातात, आणि तेवढ्यांत टपून बसलेले लहान सूर्यमासे अंडीं फस्त करतात. मासा परत गेला तरी घरटें रिकामें. मेच्या पुरानें तीं वाहून जातात तें वेगळेंच.

त्यामुळें जाणते लोक पाण्यांत तापमापक बुडवून ६० चा आंकडा पाहतात, तेव्हां त्या कांठावर गळ टाकणें बंद करतात. कांठाशीं तळावर झाडून काढल्यासारखा पांढरट वाटोळा डाग दिसला, आणि त्यावर एक काळी सावली हळूहळू घिरट्या घालतांना दिसली, म्हणजे नावाडी कांहीं न बोलतां डावें वल्हें जोरानें ओढतो आणि होडी मधल्या धारेला लावतो.